डावऱ्या बायांचा बाजार

लिस्बन,
शुक्रवार, १४ जून १९९६

प्रिय ओदेत,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं खुशाल आहोत, तूही तिकडे लियोंला खुशाल असशील. दर नाताळला तुझं कार्ड येतं, छापलेल्या मजकुराखाली फक्त तुझं नाव असतं, आणि मीही तसंच पाठवते. त्यामुळे हे जाडजूड पाकीट बघून तुला वाटेल, कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. आदेलिनो समोर पलंगावर बसून गुडघ्यांना मलम चोळतोय आणि खोलीभर कापराचा वास सुटलाय.

मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि एक सांगायची आहे. विचारायचं ते सोपं आहे: सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला तू लिस्बनला येशील का? सांगायचं ते सोपं नाही. ते सांगितल्याशिवाय तुला बोलावण्याचा मला काही अधिकार नाही, असं आदेलिनोचं म्हणणं. ते लिहून झाल्याशिवाय पाकिटाला गोंद लावणार नाही, असं मी त्याला कबूल केलंय. पण माझी जीभ रेटत नाही गं, म्हणून आधी लिस्बनच्या गमती वाच.

आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. इल्दाला तू आईच्या दफनाला पाहिलंस, तेव्हा अठराची होती, आता शाळेत शिकवते. तिनंच ही चार दिवसांची सहल ठरवली. म्हणाली, "आई, तू आयुष्यभर टाइल्स रंगवल्यास आणि बाबांनी आयुष्यभर बसवल्या. आता दोघं जाऊन दुसऱ्यांचं काम बघा जरा." आम्ही काय, एका पायावर तयार. आदेलिनो तर लग्नातले बूट घालून निघाला. मी म्हटलं, अरे, लिस्बन म्हणजे नुसता चढउतार. तर म्हणे, "राजधानीत जायचं तर नीट जायचं." दुसऱ्या दिवशी दुपारी तो नीट जाणारा माणूस कारंज्याच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडून बसला होता. मलम त्याचंच.

अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसलो. ती गल्लीतून घरांना खेटून जाते ना, तर ह्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि चालत्या ट्राममधून लोकांच्या भिंतींवरच्या टाइल्स चाचपायला लागला. "पोकळ," म्हणतो. "ही पण पोकळ. मागे चुना भरलेलाच नाही." ड्रायव्हर ओरडला, "काका, हात आत घ्या, नाहीतर तो इथंच ठेवून पुढं जावं लागेल!" सगळी ट्राम हसली. आदेलिनोनं हात आत घेतला आणि माझ्या कानात म्हणाला, "तरी पोकळच आहेत."

मग जुन्या थोर चित्रांच्या संग्रहालयात गेलो. मी आपली एकेका चित्रासमोर उभी, आणि हा चित्राकडे पाठ करून भिंतीचे सांधे बघतोय. पहारेकरीण माझ्याजवळ आली, "बाई, ह्यांचं काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, चाळीस वर्षं टाइल्स बसवल्यात. भिंत दिसली की राहवत नाही." शेवटी मी दंड धरून त्याला एका संताच्या चित्रासमोर नेऊन उभं केलं. सोनेरी वलय, डोळे आभाळाकडे, पायाशी सुंदर फरशी. बराच वेळ बघून आदेलिनो म्हणाला, "संत चांगला आहे. पण कोपऱ्यात बघ, चित्रकारानं अर्धी टाइल कापलीये. मी दारासमोर असा तुकडा लावला असता तर फिर्मिनो मेस्त्रींनी कानफटात दिली असती." मी इतक्या मोठ्यानं हसले की दोन जर्मन दचकले. आणि त्या चित्रातला निळा? खरं सांगू, आपल्या कारखान्यातल्या निळ्याची सर नाही त्याला. मी हे मोठ्यानं म्हटलं. का नाही म्हणायचं?

आत्ता आदेलिनोनं विचारलं, "पोचलीस का तिथपर्यंत?" मी म्हटलं, "नाही, अजून संतापाशीच आहे." त्यानं मलमाच्या बोटानं कागदाकडे दाखवलं. बरं बाबा, लिहिते.

बुधवारी आम्ही टाइल्सच्या संग्रहालयात गेलो. जुना मठ आहे तो. आत पाऊल टाकलं आणि मला आपल्या रंगखोलीचा वास आल्यासारखं वाटलं, ओल्या मातीचा. खोट्या नाही, खऱ्या अभिमानानं सांगते, त्या लोकांत मी एकटीच होते जिला प्रत्येक फटकारा कुठून सुरू झाला ते दिसत होतं. तुलाही दिसलं असतं. कच्च्या पांढऱ्या लेपावर कुंचला टेकला की लेप रंग पिऊन घेतो, पुसता येत नाही, खोडता येत नाही. लोकांना हे माहीत नसतं. ते म्हणतात, छान निळं आहे.

शेवटच्या दालनात पंधरा-वीस शाळकरी मुलं जमिनीवर बसली होती आणि लियोनोर नावाची संग्रहालयातली मुलगी त्यांना काहीतरी समजावत होती. तिच्या मागच्या भिंतीकडे मी बघितलं, आणि ओदेत, मला बसायलाच जागा शोधावी लागली.

आपलं चित्र. आपल्या मासळीबाजाराचं. दोनशे चाळीस टाइल्स. सुरीनं मासा चिरणारी बाई, तराजू धरलेली बाई, जाळं विणणारी बाई, मागे खाडी, होड्या आणि दीपगृह. दोन वर्षांपूर्वी बाजार पाडला तेव्हा एक ट्रक येऊन टाइल्स घेऊन गेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुठे गेल्या ते नगरपालिकेतही कुणाला सांगता येईना. त्या इथं होत्या, धुऊन पुसून, राजवाड्यातल्या टाइल्सच्या शेजारी. मी रडले. आदेलिनोही रडला, पण त्यानं आधी जवळ जाऊन सांधे बघितले. "एक रेघ हललेली नाही," म्हणाला. "छत्तीस वर्षं मासळीचं पाणी आणि खारा वारा. एक रेघ नाही!"

लियोनोर मुलांना विचारत होती, "तुमच्यात डावरं कोण आहे?" तीन हात वर झाले. "मग बघा, ह्या बाईनं सुरी कुठल्या हातात धरलीये? आणि हिनं तराजू? आणि हिनं जाळ्याची सुई? सगळ्या जणी डावऱ्या! हे चित्र केलं तेव्हा शाळेत डाव्या हातानं लिहिलं तर पट्टी बसायची. आम्हाला चित्रकाराचं नाव माहीत नाही. पण आम्हाला वाटतं, तो कुणीतरी डावरा होता, आणि त्यानं मुद्दाम भर बाजारात तीन डावऱ्या बाया उभ्या केल्या, आणि बिशपकडून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हात वर केलेली तिघं अशी ताठ बसली, तुला सांगते.

आपल्या गावात त्या चित्राला काय म्हणायचे तुला आठवतंय. डावऱ्या बायांचा बाजार. छत्तीस वर्षं लोक त्याला हसले. आणि इथं राजधानीत लोक त्याच्यासमोर जमिनीवर बसून टाळ्या वाजवतात. माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचं बटण तुटायचं राहिलं. आणि तेवढ्यात आमचे हे, सांधे सोडून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या बायकोनं रंगवलंय हे!"

सगळे वळले. लियोनोर धावतच आली, माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही? खरंच? तुम्ही डावऱ्या आहात?"

आता तुला त्या वेळचं सगळं आठवण करून देते. म्हणजे तुला ते आठवत नसेल असं नाही.

अठ्ठावन्नचा मार्च होता. मी एकवीस, तू सतरा. पोर्तूच्या चित्रकारानं काढून दिलेलं चित्र आपण पातळ कागदावर उतरवून सुईनं टोचलं होतं. टाइल्सवर कागद ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, भोकांतून ठिपके खाली उतरतात आणि मग त्या ठिपक्यांवरून रंगवायचं. पहिली खेप भट्टीत फुटली होती, म्हणून तोच कागद दुसऱ्यांदा वापरायचा होता, आणि तो दोन्ही बाजूंनी काळा झाला होता. अशा वेळी कागदावरून हात फिरवायचा असतो. खरखरीत लागते ती बाजू खाली. हे आपल्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तर त्या दिवशी कागद उलटा पडला. चित्र आरशातल्यासारखं उतरलं. चित्र चांगलंच दिसत होतं, म्हणून रंगवणाऱ्या कुणाला कळलं नाही. बसवणाऱ्यालाही नाही. आदेलिनो म्हणतो, "मी मागचे नंबर बघून बसवतो. चित्र बघत बसलो तर चुना सुकतो."

आदेलिनो आत्ता खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "उलटा 'पडला'? वाऱ्यानं का?"

मी त्याला पलंगावर परत पाठवलंय. पण त्याचं बरोबर आहे. कागद पडला नव्हता. मी ठेवला होता. मी हात फिरवला नाही, कारण मी खिडकीतून बाहेर बघत होते. अंगणात गाडीवरून रेती उतरवून घ्यायला एक नवा टाइल्सवाला आला होता, बाह्या वर केलेला, आणि तो शीळ घालत होता. हाच. ज्याच्या मलमाचा वास येतोय तोच. ह्या माणसापायी मी कागद उलटा ठेवला.

ऑगस्टमध्ये जत्रेच्या दिवशी उद्घाटन झालं. बिशप आले, बँड आला, आईनं नवा स्कार्फ बांधला होता. पवित्र पाणी शिंपडून झालं आणि म्हातारा झाकारियास नावाडी मागून ओरडला, "बिशपसाहेब, आमचं दीपगृह पलीकडच्या काठावर कधी गेलं? ह्या दिव्याच्या भरवशानं आलो तर होडी थेट खडकावर!" मग कुणीतरी म्हणालं, "आणि बाया बघा, सगळ्या डावऱ्या!" मग जे हसू फुटलं ते बँडलाही आवरेना. मालकांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आणि फिर्मिनो मेस्त्री रंगखोलीत आले. "कागद कुणी ठेवला?" मालकांनी विचारलं. आम्ही नऊ जणी होतो. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. कारखान्यात डावरी तू एकटी. शाळेत बाईंनी तुझा हात खुर्चीला बांधून ठेवला होता ते सगळ्या गावाला माहीत. मेस्त्री म्हणाले, "दुसरं कोण असणार?" तू माझ्याकडे बघितलंस. मोजून सांगता येणार नाही किती वेळ, पण पुरेसा वेळ बघितलंस. मला बोलायला पुरेल एवढा. मी पहिल्या रांगेतली रंगारीण होते, आणखी वर्षानं माझं लग्न व्हायचं होतं, मेस्त्रींनी नुकतीच माझी स्तुती केली होती. मी माझ्या कुंचल्याच्या केसांकडे बघत राहिले. तू एप्रन काढलास, घडी घालून टेबलावर ठेवलास आणि गेलीस. गावात कुणी तुला कामाला ठेवेना. पुढच्या वसंतात मावशीबरोबर फ्रान्सला गेलीस. आईच्या दफनाला आलीस तेव्हा चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसलीस.

मी चाळीस वर्षं त्याच कारखान्यात काढली. निवृत्तीला मला घड्याळ दिलं.

तर, बुधवारी लियोनोरनं विचारलं, तुम्ही डावऱ्या आहात का. आणि मी म्हणाले, "नाही. माझी बहीण. ओदेत."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मुलं बघत होती, आदेलिनो बघत होता, आणि माझ्या तोंडाला कुणी बूच मारायला नव्हतं. मी म्हणाले, "तिनं मुद्दाम कागद उलटा ठेवला. अशी होती आमची ओदेत! मालकाला म्हणाली, हो, मी केलं, आणि पुन्हा करीन! एप्रन टेबलावर आपटला आणि ताठ मानेनं निघून गेली!" सगळ्या मुलांनी माझ्यासाठी, म्हणजे तुझ्यासाठी, टाळ्या वाजवल्या. लियोनोरच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, अठ्ठावीस सप्टेंबरला हे दालन नव्यानं उघडायचंय, चित्राखाली नावाची पट्टी लागणार आहे, ती आम्ही तुमच्या बहिणीच्या नावाची करू, त्यांना पत्र पाठवू. मी तुझा पत्ता दिला. बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं, फिटलं सगळं. काय अभिमान वाटत होता मला स्वतःचा!

काल इथं संत अंतोनियूचा सण होता. गल्लीगल्लीत शेगड्या, भाजत्या सार्डिन माशांचा धूर, तुळशीच्या कुंड्या, खिडक्यांना कागदी माळा. दुपारी आम्ही एका पायरीवर पावाच्या जाड कापावर मासे घेऊन बसलो. पाच मासे खाऊन झाल्यावर आदेलिनो बोटं पुसत म्हणाला, "झुल्मिरा, तिच्या बाबतीत तू दुसऱ्यांदा तेच केलंस."

मी म्हटलं, "काय केलं? तिचं नाव भिंतीवर लागणार आहे!"

"तेव्हा लाज वाटली म्हणून आपली चूक तिच्या नावावर टाकलीस. आता टाळ्या पडल्या म्हणून टाकलीस. विचारलंस का तिला? तेव्हा विचारलंस, का आता?"

मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, तुझ्या शीळेपायी झालं हे सगळं. तो म्हणाला, "झालं माझ्या शीळेपायी. पण मला मालकानं विचारलं नव्हतं, कागद कुणी ठेवला. तुला विचारलं होतं." हातातला मासा मला पुढे गेला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "काटा अडकला का, काकू?" मी हो म्हणाले.

आज सकाळी मी एकटीच संग्रहालयात गेले. आदेलिनोला म्हटलं, तू नको येऊस, तू आलास की मी तुझ्यासमोर शहाणपणा करते. लियोनोर एका टोळक्याला आपलं चित्रच दाखवत होती आणि, देवा रे, तुझा एप्रन आपटून दाखवत होती. मी म्हणाले, "बाई, थांबा. असं झालं नाही." दहा-बारा अनोळखी माणसांसमोर मी सगळं सांगितलं, मेस्त्रींपासून ते मासे खाण्यापर्यंत. लियोनोरचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "म्हणजे ती नुसती चूक होती?"

"चूकच," मी म्हटलं. "आणि ती माझी."

ती चित्राकडे वळली. मग म्हणाली, "पण आमच्या तज्ज्ञांनी सांगितलंय की रंगवणाऱ्यांत एक जण नक्की डावरा होता. त्यावरूनच तर आम्ही सगळं रचलं. हे बघा." आणि तिनं मला जाळ्यापाशी नेलं. ओदेत, ते जाळं! तिसऱ्या बाईच्या मांडीवरून खाली पायापर्यंत सांडलेलं. मी ते रोज बाजारात जाता-येता बघायचे, म्हणजे बघायचेच नाही, मान वळवून जायचे. लियोनोरनं दाखवलं, गाठीगाठीचा फटकारा उजवीकडून डावीकडे गेलाय. उजव्या हाताच्या माणसाला तो तसा जमत नाही, हात स्वतःच्याच ओल्या रंगावर पडतो. म्हणाली, "संपूर्ण चित्रात सगळ्यात चांगलं काम कुठलं विचाराल, तर हे जाळं. आमच्याकडे रेखाटन शिकायला येणारे विद्यार्थी बाकीचं सोडून हेच उतरवतात. हे कुणी केलं?"

मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं. सगळं जाळं, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत. सतरा वर्षांची होती." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि बुधवारी वाटला होता त्याच्या दसपट अभिमान वाटला मला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. जाळ्याला काढली त्यानं टोपी, मला नाही.

पट्टी अजून छापलेली नाही. लियोनोर म्हणते, काय लिहायचं ते तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय छापणार नाही. तुझं नाव हवं असेल तर तुझं, नको असेल तर नको. माझं नाव लावायचं की नाही हेही तूच सांग. "कागद झुल्मिरानं उलटा ठेवला" असं लिहा म्हणालीस तरी मी त्या पट्टीखाली उभी राहून फोटो काढून घेईन. त्यांचं पत्र तुला पुढच्या आठवड्यात येईल. त्याच्याआधी माझं पोचावं म्हणून घाईनं लिहितेय.

आदेलिनोनं परत विचारलं, पोचलीस का. अजून नाही पोचले. तुला कागदाचं पहिल्यापासून ठाऊक होतं. पुरचुंडी तुझ्याच हातात होती, तू माझ्या शेजारीच उभी होतीस. मेस्त्रींना, आईला, आदेलिनोला, आज सकाळी त्या अनोळखी माणसांना, कुणालाच मी न सांगितलेलं एवढंच एक उरलंय, आणि ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मी कागद ठेवला. तू पुरचुंडी थोपटायला हात उचललास आणि थांबलीस. हळूच म्हणालीस, "झूझू, उलटा तर नाही ना ठेवलास?"

आणि मी खिडकीतून नजरही न काढता म्हणाले, "तुला सगळं उलटंच दिसतं, डावरे. थोपट गुमान."

आणि तू थोपटलंस.

त्या दिवशी माझं ऐकलंस आणि दुसऱ्यांदा, मालकांसमोर, माझ्यासाठी गप्प राहिलीस. तिथं एक शब्द बोलली असतीस तर मी संपले असते. मला हे माहीत होतं. मला हे अडतीस वर्षं, रोज कुंचला हातात घेताना माहीत होतं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. एवढंच म्हणते, की त्या खोलीत नऊ जणी होत्या, मेस्त्री होते, आणि सरळ दिसलं ते फक्त तुला.

आलीस तर तुझ्या शेजारी उभं राहायला जागा मागणार नाही. मागच्या रांगेत असेन.

तुझी मोठी बहीण, जिला तू विचारलं होतंस,
झुल्मिरा